न मोजलेला खुंट

वैशाखातली दुपार, साडेबारा. वाघदऱ्याचे तळे कोरडे पडले आहे आणि तळाच्या मधोमध कमरेइतका मातीचा एक खुंट उभा आहे. दर पावसाळ्यात तो बुडतो, विरघळत मात्र नाही. या वेळेला गावातले कोणी त्याच्याजवळ जात नाही. तिथे बाईचा आवाज येतो, असे सांगतात. "मोजा," एवढाच.

हे तळे एका जुन्या दुष्काळात खोदले, असे ऐंशी वर्षांचे येसाजी खरात पाहुण्यांना सांगतात. खोदेल त्याला धान्य, हा सरकारी नियम. प्रत्येकाने आपल्या खड्ड्यात एक खुंट न खोदता सोडायचा. कारकून त्यावरून खोली मोजणार, मगच तो पाडायचा. खुंट आधी पडला, तर मजुरी बुडाली.

त्या कामावर गोजरा नावाची बाई आली. तिचा उजवा हात तेलाच्या घाण्यात गेलेला. नवरा नाही, पदरात सहा वर्षांची मुलगी. गोजराला मजुरांना पाणी पाजायच्या कामाला लावा, असे बायांनी मुकादमाला विनवले.

"हिला घेतली तर उद्या मुलखातले सगळे थोटे इथं येतील," तो म्हणाला.

"येऊ देत की," एक म्हातारी बोलली. "त्यांना काय पोटं न्हाईत?"

मुकादम हसला म्हणे. दोन हातांचा माणूस खोदतो तेवढा खड्डा खोद आणि धान्य घे, अशी अट त्याने घातली. वर मेहेरबानी केल्याचा आव.

गोजराने पहार काखेत धरून चार दिवसांत खड्डा पुरा केला. कारकून उद्या येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. कोणाचा धक्का लागून खुंट पडेल, या भीतीने ती त्याला पाठ लावून उन्हात बसून राहिली. बायांनी दिलेली भाकरी तिने मुलीला चारली. तिसऱ्या दुपारी ती बसल्या जागी गेली.

गावाने काठी लावून पाहिली. खड्डा वीतभर जास्तच भरला. मेलेल्याला मजुरी नाही, असे मुकादमाने सांगितले. तेव्हा गावाने ठरवले, सरकारी माणूस मोजायला येईपर्यंत या खुंटाला कुदळ लावायची नाही. मुलीला त्या म्हातारीने वाढवले.

तेव्हापासून वाघदऱ्यात कुठलेही काम निघो, अपंग, विधवा, म्हातारे यांचा खड्डा आधी मोजतात. धडधाकट माणसे थांबतात आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. यंदा गाळ काढायचे काम निघाले, तेव्हा सरकारने मोजणी गावाच्या हातून काढून आपल्याकडे घेतली.

आजही गोजराचा खुंट उभा आहे. त्याच्या शेजारी आता दुसरा आहे. एका पायाने अधू असलेल्या भागुजी वाघमोडे यांचा खड्डा पंचेचाळीस दिवसांपूर्वी पुरा झाला. तो मोजायला अजून कोणीही आलेले नाही.