हात न लावलेलं बटण

गाणी पेटाऱ्याएवढ्या यंत्रांतून यायची त्या काळची ही गोष्ट. दामूकाकांच्या घरी एक अ‍ॅम्प्लिफायर ऐटीत राहायचा. काकांनी त्याच्या आवाजाचं बटण एकदाच मनासारखं लावलं आणि बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही!"

पुढे गाण्यात खरखर येऊ लागली. शेजारचा चिमुकला नवा स्पीकर हसायचा, "आजोबा, खोकल्याचं औषध घ्या!"

अ‍ॅम्प्लिफायर बटणावर चिडला. "तुझ्यामुळे मी भंगारात जाणार!"

"इतकी वर्षं एका जागी बसवलंय मला," बटण म्हणालं. "धूळ साचणार नाही तर काय?"

एके सकाळी भंगारवाला खरंच दारात आला. काकांनी जड मनाने शेवटचं गाणं लावलं. तेवढ्यात इंदूकाकू पदर खोचून पुढे आल्या.

"आता जातोच आहे, तर एकदा मला फिरवू द्या. लग्नापासूनची इच्छा आहे!"

त्यांनी बटण इकडून तिकडे, तिकडून इकडे मनसोक्त फिरवलं. आधी खरखर वाढली, मग विरत गेली, आणि गाणं असं स्वच्छ वाजू लागलं की भंगारवालाच उंबऱ्यावर बसून ठेका धरू लागला.

अ‍ॅम्प्लिफायर घरातच राहिला. आता रोज सकाळी काका म्हणतात, "अगं, चहा मी ठेवतो. तू आधी बटणाला हात लाव."