शेठचं पाणी

सकाळी सव्वासहाला आम्ही तिघी मैत्रिणी ओहोटीच्या खाडीत उतरलो, तिथून हे सुरू झालं. आभाळ गच्च भरलेलं. माझं सगळं लक्ष घरी, तापानं फणफणलेल्या लेकाकडे. मासळी विकून त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

जाळं पसरतोय तोच काठावरच्या हॉटेलाचे मालक धनाशेठ माणसं घेऊन आले.

“निघा बाहेर! माझ्या कुंपणापुढचं पाणी माझं, त्यातली मासळीपण माझी.”

मला रडूच आलं. पण आमची येसू कंबरभर पाण्यातून म्हणाली, “बरं झालं, मालक भेटला! शेठ, अमावस्येच्या उधाणाला तुमचं पाणी हिच्या घरात शिरलं. पोर झोळीत भिजलं, अजून ताप उतरत नाही. चला, आता बसा त्याच्या उशाशी.”

शेठ भडकले. “मी काय पाण्याला धाडलं होतं? दर्याचं पाणी कुणाच्या बापाचं नसतं!”

“ऐकलंत ना गं?” येसू म्हणाली. “ओढा जाळं.”

शेठची माणसंसुद्धा तोंड फिरवून हसली.

मासळी मिळाली, लेकाचा ताप मात्र अजून आहे. तरी पलीकडच्या वाडीतल्या बायकांना एवढं कळवा, की पाणी कुणाच्या बापाचं नाही, आणि हे खुद्द शेठ बोललेत.