पाडणाऱ्याने द्यायचा हात

एका राज्यात विस्तव नव्हता. चुली होत्या, सरपण होते, गारगोट्या होत्या; पण ठिणगी उडे ती विझूनच खाली पडे.

त्याचे असे झाले, की भर दरबारात राजाने एका वृद्ध मांत्रिकाला धक्का दिला. मांत्रिक पडला. दरबार हसला, हात मात्र कुणी दिला नाही. मांत्रिक आपला आपण उठला. राज्यातला सारा विस्तव त्याने एका माणकात कोंडला आणि ते माणीक डोंगरातल्या तीन दारांआड ठेवून दिले. तेव्हापासून माणसे भिजवलेली डाळ खात आणि तान्ह्यांना गार दूध पाजत. जिने कधी ते पाजले असेल, तिला याहून अधिक सांगायला नको.

त्या राज्यात मेघोजी आणि जिऊ या बहीणभावांचा आखाडा होता. उल्का त्यांची कुणी नव्हती. आखाड्याच्या दारात सापडलेली पोर. पण ती त्यांना दादा आणि अक्का म्हणे, आणि दोघे तिच्यावरून रोज भांडत.

“पडायला भिऊ नकोस,” दादा शिकवी. “पडता पडताच डाव उलटतो.”

“आणि तू कुणाला पाडलेस, तर आधी हात देऊन उठव,” अक्का सांगे.

“रणात हात देत बसायचे? मग शत्रूला जेवूही घाल की, अक्के!”

“तू गप. चालायला लागल्यापासून तुला मीच उठवत आले आहे.”

उल्का दोघांकडे बघून मान डोलवी. पोरांच्या डोक्यात त्यातले किती उतरते, हे मोठ्यांना कधीच कळत नाही. उतरते एवढे धरून चालायचे.

एके दिवशी माणीक आणायला दादा डोंगरात गेला. तो परतला नाही. वाट पाहता पाहता अमावास्या आली, तशी उल्काने कंबर कसली. अक्काने डाळीची पुरचुंडी बांधून दिली आणि एवढेच म्हटले, “दोघे या.”

पहिल्या दारावर एक भारद्वाज पक्षी बसला होता.

“हे कुमारी,” तो म्हणाला, “प्रत्येक दारी एक लोखंडी मुखवट्याचा रक्षक आहे. त्याला चीत केलेस, की दार उघडेल. आज अमावास्या; सूर्य बुडाल्यावर मात्र आत गेलेला कुणीही बाहेर येणार नाही.”

“माझा दादा आत आहे.”

“सगळ्यांचेच कुणी ना कुणी आत असते,” पक्षी म्हणाला आणि पंख साफ करू लागला.

पहिल्या रक्षकाला उल्काने टांग मारून पाडले. सवयीने हात दिला, त्याला उठवले. लोखंडी पंजा तिच्या हातात क्षणभर ऊन लागला. दार उघडले, ती पुढे गेली.

दुसरा रक्षक चिवट होता. तो पडेपर्यंत उन्हे डोंगरामागे कलली. उल्का त्याला ओलांडून धावली आणि तिसऱ्या दाराशी तिचा उजवा पाय जागीच थबकला. घोट्यापर्यंत तो दगड झाला होता.

“आता परत फिरलीस, तर सूर्य बुडेल,” वरून भारद्वाज म्हणाला. “तुझा दादाही असा मागे फिरला नव्हता.”

उल्काने मागे पाहिले. रक्षक तसाच पडून होता, अंगणात पडलेले मूल कुणी बघते का म्हणून वाट पाहते तसा.

“अक्का ओरडेल,” ती म्हणाली आणि पाय ओढत मागे गेली. रक्षकाला तिने उठवले. पायाचा दगड मातीसारखा झडून गेला.

तिसऱ्या रक्षकाने चिमूटभर माती उचलली आणि लढण्याआधी तिच्या खांद्याला लावली. असे करणारा जगात एकच होता.

“दादा!”

मुखवट्याने शड्डू ठोकला. तिचा प्रत्येक पेच त्याला ठाऊक होता. सगळे त्यानेच शिकवलेले. टांग सुटली, ढाक सुटली. सूर्याची कोर तेवढी उरली. मग उल्काने पाय सैल सोडले आणि स्वतःच पडली. पडता पडता तिने त्याची कंबर धरली, कूस पालटली, आणि मेघोजी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडून चीत झाला.

ती उठली. तिने हात पुढे केला.

लोखंडी मुखवट्याने तो हात आधी नुसता पाहिला. मग धरला.

तिन्ही मुखवटे गळून पडले; त्यांच्याआड होती ती पडलेल्याला न उठवता पुढे गेलेली माणसे. दार उघडले, आतले माणीक लाहीसारखे फुटले आणि ज्याचा त्याचा विस्तव ज्याच्या त्याच्या चुलीत गेला.

“डावी बाजू उघडी ठेवली होतीस,” दादा म्हणाला. त्याला रडू येत होते.

ही हकिकत ऐकून राजा अनवाणी मांत्रिकाच्या झोपडीशी गेला आणि दारात बसलेल्या म्हाताऱ्यापुढे त्याने हात केला. “उशीर केलास,” मांत्रिक म्हणाला. पण हात धरून उठला. त्याचा रागही निवळला.

आखाड्यात अक्का चुलीपुढे बसली होती. पहिली भाकरी करपली, तरी तिघांनी ती वाटून खाल्ली. खाऊन झाल्यावर अक्का गुडघ्यावर हात टेकून उठू लागली, तोच तिच्यापुढे एक हात आला.

“हे काय रे मेघ्या? मला कुणी पाडलेय थोडेच!”

“ऊठ गं, अक्के,” दादा म्हणाला. “मला सवय करायची आहे.”