दोन श्लोकांचा फरक

"मग गाडीत माझी वळकटी ठेवू ना, बुवा?" श्रीपतीने विचारलं.

केसोबुवा मठाच्या ओसरीवर ओले हरभरे सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कशावरून?"

श्रीपती याच प्रश्नाची वाट बघत होता. पलीकडच्या खोऱ्यात नवा मठ उभा राहिला होता आणि तिथल्या लोकांनी गुरू म्हणून बुवांचा एक शिष्य मागितला होता. त्यांची माणसं बैलगाडी घेऊन दारात उभी होती. जायचं होतं एकानेच, श्रीपतीने नाहीतर धोंडूने. दोघांनीही वर्षभर पाच-पाच मुलांना पाठ दिला होता.

"एका दमात कोण किती श्लोक म्हणतो ते आज मोजलं," श्रीपती म्हणाला. "माझ्या मुलांची सरासरी नऊ. धोंडूच्या मुलांची सात."

"बरं."

"चांगला दोन श्लोकांचा फरक आहे, बुवा."

गुरुपद अजून मिळायचं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर ते केव्हाच येऊन बसलं होतं. खांबाला टेकलेल्या धोंडूची त्याला दयासुद्धा आली. जिंकलेल्या माणसाला दया परवडते.

बुवांनी दहाही मुलांना अंगणात बोलावलं. झोळीत पाच पांढरे आणि पाच काळे खडे टाकले.

"डोळे मिटून एकेक उचला. पांढरा आला तो डावीकडे, काळा आला तो उजवीकडे."

मुलं दोन रांगांत उभी राहिली.

"मोज," बुवा म्हणाले. "ज्याचा जो आकडा सकाळी आला, तोच धर."

"पण माझी आणि धोंडूची मुलं मिसळली की. या रांगांना काय अर्थ?"

"मोज तर खरं."

श्रीपतीने मोजलं. डावी रांग सरासरीत साधारण एका श्लोकाने पुढे. तो हसला. "एकच. माझा फरक दोनाचा होता."

खडे पुन्हा झोळीत गेले. या खेपेला दोन्ही रांगा जवळजवळ बरोबरीत आल्या. श्रीपती आता मोकळेपणाने हसला.

तिसऱ्या खेपेला मठात शंख फुंकणारा रघू उजवीकडे गेला. एका दमात बारा श्लोक म्हणणारा पोरगा तो. त्याच्यामागे आणखी दोघं लांब दमाचे गेले. श्रीपतीने बेरीज केली. मग पुन्हा केली.

"किती?"

"उजवी रांग... दोन श्लोकांनी पुढे. थोडी जास्तच."

"वा. हिला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. ही तर खड्यांनी लावलेली रांग."

"असं कसं? दोन श्लोक जास्त आहेत ना? कुणीतरी मोठा गुरू असणार."

मुलं फिदीफिदी हसली. श्रीपतीला ते हसणं फार लागलं. त्याने झोळी स्वतःच्या हातात घेतली, खडे नीट ढवळले आणि मुलांना पुन्हा उचलायला लावले. मग आणखी एकदा. मग आणखी. कधी फरक जेमतेम अर्ध्या श्लोकाचा यायचा, कधी एखाद्याचा. पण चार-पाच खेपांत एकदा तरी दोनाचा यायचाच, कधी या बाजूला, कधी त्या.

ऊन कललं. श्रीपतीने झोळी खाली ठेवली.

"म्हणजे माझी वर्षभराची मेहनत फुकट?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"मग मी धोंडूपेक्षा सरस आहे?"

"असशील."

"की नाही?"

"नसशीलही. दोनाचा फरक तर खडेसुद्धा पाडतात."

बाहेर गाडीवानाने बैल जुंपायला घेतले. घुंगरांचा आवाज आत आला. श्रीपतीने एकदा धोंडूकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल काय वाटतंय हे त्याला ठरवता येईना.

"बुवा, गाडी निघायची आहे. त्या लोकांना काय सांगू?"

"सांग, दोघांत सरस कोण ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

"चारचौघांत असं सांगू? एवढ्या मोठ्या मठाचा शिष्य मी... काय अब्रू राहील?"

केसोबुवांनी हरभऱ्याचं आणखी एक घाटं फोडलं.

"सांगता आलं, तर वळकटी घे आणि तसाच गाडीत बस."