उंबरमाळचा झरा

"पण बुवा, यातलं टाकू तरी काय?"

शार्दूल अगदी काकुळतीला आला होता. भल्या सकाळी लॅपटॉप पाठीवर टाकून तो मठाची चढण चढून आला, आणि पाणीही न पिता त्यानं हाच प्रश्न केला.

धुंडिराजबुवांनी हयातभर नकाशे काढले, आता मठात राहत. कामाचा गुंता सुटेना की जुने शिष्य त्यांच्याकडे धाव घेत. त्यांत शार्दूल सगळ्यांत हुशार, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

त्यानं ड्रोन उडवून उंबरमाळचं सबंध खोरं टिपलं होतं, पान न् पान दिसेल असं. सगळे फोटो जोडून एकच अगडबंब फाइल केली. आता ती उघडायला जावं, तर संगणक मान टाकी.

दुपारी उंबरमाळला सभा होती. जुन्या नकाशात गावचा झरा चुकून शेजारच्या गावात पडला होता. तो खरा कुठे आहे हे आज सभेत भिंतीवर चित्र पाडून दाखवता आलं नाही, तर जुनाच नकाशा कायम होणार होता.

"टाकायला कुणी सांगितलं तुला?" बुवांनी विचारलं.

"सगळेच सांगतात. चित्र हलकं कर म्हणे! तपशील गाळला की चित्र खोटं होतं, बुवा. मला खोटं चालत नाही."

बुवांनी त्याला दंडाला धरून कड्यापाशी नेलं. खाली खोरं उन्हात पसरलं होतं.

"गावाबाहेरचा तो वड दिसतो?"

"दिसतो की."

"त्याची पानं मोज."

"इथून पानं कशी दिसतील?"

"मग वड खोटा?"



 शार्दूल स्वतःशीच हसला आणि लगबगीनं ओसरीवर येऊन बसला.

मूळ चित्राला त्यानं धक्का लावला नाही. फक्त त्याच्या चौकोनी फोडी केल्या, म्हणजे पाहावा तेवढाच तुकडा उघडेल. आणि लांबून पाहण्यासाठी ढोबळ प्रती काढून एकीवर एक रचल्या. संगणक सुतासारखा सरळ झाला. शार्दूलला इतका आनंद झाला की तो बुवांनाही सभेला घेऊन गेला.

शाळेच्या भिंतीवर आधी सगळं खोरं उमटलं. मग गाव. मग ओहोळ. मग खडकाच्या कपारीत चमकणारं पाणी.

"ह्योच! ह्योच आमचा झरा!" उंबरमाळची सोमीबाई भोये उठून उभी राहिली. "आन हद्दीचा दगड बघा, पार पल्याड हाय!"

शेजारच्या गावचे कारभारीही म्हणाले, "खरं हाय बाई. झरा तुमचाच." जुना नकाशा बदलायचं ठरलं. सगळी सभा हरखून गेली.

शार्दूलला मात्र राहवेना. "थांबा, अजून जवळून दाखवतो!" म्हणत तो आत आत शिरत गेला. गवताची पाती आली, मग गोटे, मग नुसते रंगीत चौकोन. लोक हसतखेळत बाहेर पडले, तरी ह्याचं बोट थांबेना.

बुवांनी त्याच्या हातावर अलगद हात ठेवला.

"झरा सापडला रे, बाळा... आता तू काय शोधतोयस?"