गुळाचं पाणी

फार पूर्वी, इतक्या पूर्वी की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही, एक मोठी नदी होती. थंडी पडली की तिचं पाणी एका कडेला जाई आणि अर्धं पात्र उघडं पडे. त्या वाळूत काठावरची वीस घरं खरबुजं पिकवत. हातभर खोल खड्डा घ्यायचा, त्यात शेळ्यामेंढ्यांचं कुजलेलं लेंडीखत भरायचं, वर बी टोचायचं आणि बाकीचं उन्हावर सोपवायचं. याहून जास्त तिथे कुणी कधी काही केलं नव्हतं.

त्या लोकांची एक रीत होती. चैत्र पौर्णिमेला प्रत्येक घराने आपल्या वाडीतलं एक फळ घाटावर आणायचं. सगळ्यांनी सगळ्यांची चव घ्यायची. ज्याचं फळ सर्वांत गोड, त्याचंच बी वीसही घरांनी पुढच्या साली लावायचं. बाकीचं बी तिथल्या तिथे नदीत सोडायचं. जुनं बी कुणी घरात ठेवायचं नाही. रीत कडक होती, पण तिथल्या खरबुजांची गोडी तिनेच राखली होती.

बी देण्याचा हा मान बावीस वर्षं एकाच म्हाताऱ्याकडे होता. लोक त्याला बीवाले म्हणत. म्हातारा वरवर नको नको म्हणायचा, पण कुणी नुसतं काका म्हटलं तर त्याच्या कपाळाला आठी पडायची. माणूस वाईट नव्हता हो. मान जुना झाला की तो आपल्या अंगाचाच वाटायला लागतो, एवढंच.

त्या वर्षी माघात ढग आले आणि गेलेच नाहीत. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं राखेच्या रंगाचं आभाळ. वेल पसरले, फळं धरली. पौर्णिमेला महिना असताना म्हाताऱ्याने एक फळ कापून चाखलं. काकडी खाल्ल्यासारखं लागलं. त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही.

बायको म्हणाली, "अवं, सगळ्यांचीच तशी हायेत. आभाळ उघडंल. न्हाईच उघडलं तर कुणाचं तरी त्यातल्या त्यात बरं निघंल, त्येचं बी लावू."

कुणाचं तरी. हे दोन शब्द म्हाताऱ्याच्या छातीत रुतले.

दुसऱ्या दिवशी त्याने घरातली गुळाची ढेप फोडली, घागरीत कालवली आणि वेलांच्या मुळाशी ओतायला लागला.

"ह्ये काय करताय?" बायकोने विचारलं.

"गूळ काय इख हाय का? उसाचाच रस. लेकराला पाजला तर तरतरी येती, मग वेलाला का न्हाई येनार?"

"लेकराला त्वांड असतंय. येलाचं मूळ पानी पितं, खत खातं. साखर पानं करत्यात, ती बी उन्हात. आपन थांबायचं असतं."

"थांबून मान जातो," म्हातारा म्हणाला. बायको पुढे काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं तिला नंतर आयुष्यभर वाटत राहिलं.

शेजारच्या वाडीवाल्याने बांधावरून पाहिलं. "बीवाले, ह्यानं गोडी चढती का?"

आता इथे, बाळांनो आणि मोठ्यांनो, म्हाताऱ्याला एक साधं वाक्य बोलता आलं असतं. 'मला ठाऊक नाही', एवढंच. पण बावीस वर्षं ज्याला सगळे विचारत आले, त्याच्या जिभेवर ते वाक्य येत नाही. तो नुसता गालात हसला. आणि चार दिवसांत वीसच्या वीस वाड्यांत गुळाचं पाणी फिरलं.

मग मुंग्या आल्या. काठावरून, बांधावरून, झाडांवरून रांगाच रांगा. गूळ संपला तरी त्या गेल्या नाहीत. त्यांनी वेलांवर मावा नावाची रस शोषणारी कीड वसवली, तिचा गोड चिकटा त्यांना हवा होता. पानं आखडली, काळी पडली. खाली मुळं आंबून कुजली.

म्हातारा गुडघ्यांवर बसून हाताने मुंग्या झटकत होता. तेव्हा एक मुंगी त्याच्या मनगटावर थांबली आणि म्हणाली, "आम्हाला का मारतोस? तू जेवण मांडलंस, आम्ही आलो."

"मी येलाला वाढलं व्हतं."

"वेल जेवत नाही रे, तो रांधतो," मुंगी म्हणाली. "त्याच्या चुली तर आता विझल्या." आणि ती पुन्हा रांगेत गेली.

पौर्णिमेला आठ दिवस उरले आणि आभाळ उघडलं. असं लख्ख ऊन पडलं की वाळूवर पाय ठरेना. फळांत साखर भरायला तेवढे दिवस पुरले असते. पण ते ऊन घ्यायला वाळूवर एकही धड पान नव्हतं. म्हातारा दिवसभर त्या उन्हात उभा राहिला आणि रडला.

पौर्णिमेला घाटावर सगळी माणसं आली, पण फळ एकच आलं, म्हाताऱ्याच्या वाडीतलं. तेही मुठीएवढं, सुरकुतलेलं. त्याने स्वतः ते कापलं. आत गर कडवट होता आणि बिया पांढऱ्या, चपट्या, पोचट. बोटांत धरल्या की दबायच्या.

वीस घरच्या बायका रीतीप्रमाणे रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर पसरले. कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो एकेकीच्या पदरात दोन-दोन बिया टाकत गेला. रांगेत शेवटी त्याची बायको होती. तिनेही पदर पुढे केला.

"उगवनार न्हाईत गं," तो पुटपुटला.

"ठावं हाय," ती म्हणाली, आणि तिने पदराला गाठ मारली.

पुढच्या साली सगळ्यांनी त्या बिया टोचल्या, रोज पाणी घातलं, वाट पाहिली. एकही कोंब वर आला नाही. त्या नदीचं खरबूज तिथेच संपलं.

मुळाशी ओतलेला गूळ फळात उतरत नाही, आणि ज्याला 'मला ठाऊक नाही' म्हणवत नाही, तो आपल्याबरोबर आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनाही बुडवतो.