म्हाताऱ्या बाळाचं दुपटं

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. टेकडीखालच्या एका गावात एक छान रीत होती. बाळ जन्मलं की घराघरातून कापडाचा एकेक तुकडा यायचा आणि सुईणआजी ते जोडून बाळाचं दुपटं शिवायची. एक जरी घर राहिलं, तरी ती शेवटचा टाका घालत नसे.

त्या गावात एक म्हातारा कोंबडीचोर होता. सगळे त्याला ‘बोका’ म्हणत. कोणी विचारलं की तो म्हणे, “कोल्ह्यानं नेली असेल!”

एकदा तो तापानं पडला. कोणी फिरकलं नाही. गावच्या चर्चचे पाळकबाबा मात्र रोज पेज घेऊन आले आणि प्रभू येशूबद्दल सांगत बसले.

म्हातारा म्हणाला, “बाबा, मी साठ वर्षांचा मळलेला. धुऊन किती निघणार?”

“धुऊन नाही रे. प्रभू नवा जन्मच देतो. तू फक्त विश्वासानं हात पुढे कर.”

म्हातारा रडला. त्यानं खरोखरच हात पुढे केले.

नदीवर त्याचा बाप्तिस्मा झाला. पाण्यातून तो हसतच वर आला, तर काठावर सुईणआजी सुईदोरा घेऊन उभी!

“आणा गं तुकडे, बाळ जन्मलंय!”

“पांढऱ्या मिशांचं बाळ!” लोक हसले. “पाळण्याला बैलगाडी लागेल!”

म्हातारा ओशाळला. “नको आजी. आधी चार वर्षं सगळ्यांची अंगणं झाडतो, मग दे.”

“अरे, कुठल्या बाळानं आधी अंगण झाडलंय? दुपटं जन्मल्याबद्दल मिळतं. झाडायचं ते मोठा झाल्यावर झाड!”

हसत हसत सगळ्यांनी तुकडे दिले. फक्त रूथाबाईनं दिला नाही. तिच्या अकरा कोंबड्या गेल्या होत्या. दुपट्याच्या मधोमध भोक राहिलं आणि आजी थांबली.

तिसऱ्या दिवशी म्हातारा स्वतःच रूथाबाईच्या दारात गेला.

“बाई, तुमच्या कोंबड्या मीच खाल्ल्या. कोल्हा बिचारा निर्दोष आहे. देवानं मला क्षमा केली. तुम्ही कराल का?”

रूथाबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. उभ्या जन्मात तो पहिल्यांदाच खरं बोलला होता. तिला रागही आला आणि हसूही फुटलं.

“सुटला म्हणायचा कोल्हा एकदाचा!” म्हणत तिनं आपल्या पिवळ्या लुगड्याचा पदर टरकन फाडून दिला.

दुपटं पुरं झालं.

पुढे थंडीत रूथाबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा खुराड्याची किल्ली तिनं त्याच म्हाताऱ्याच्या हातात दिली. गावानं तोंडात बोटं घातली.

महिन्यानं ती परतली. कोंबड्या मोजल्या, तर एक कमी! ती तशीच म्हाताऱ्याच्या झोपडीकडे धावली.

म्हातारा कोपऱ्यात कुडकुडत बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, बाई! गारठ्यात अंडी वाया गेली असती, म्हणून हिला इथं बसवलंय.”

समोर दुपट्यावर, बरोबर त्या पिवळ्या तुकड्यावर, कोंबडी ऐटीत बसली होती. तिच्या पंखांखालून नुकतीच निघालेली अकरा पिल्लं डोकावत होती.

त्या दिवसापासून गावात कोणी त्याला बोका म्हटलं नाही.

बोध : नवा जन्म कमवावा लागत नाही, तो प्रभूच्या हातून विश्वासानं घ्यायचा असतो, चांगली कामं मग आपोआप मागून येतात.